जुन्या चित्रपटगृहांचीं छायाचित्रें

गेल्या दिवाळीपूर्वीं वाशीच्या आमच्या घरीं माळ्यावरच्या पेट्या खालीं काढल्या, तेव्हां एका पाकिटांत पिवळट पडलेलें छायाचित्र सांपडलें. चित्रपटगृहापुढें दोन तरुण उभे. त्यांतले एक आमचे आजोबा. ‘आलम आरा’ पाहण्यास गेले त्या दिवशींचें हें चित्र, असें आत्याबाई आम्हांस लहानपणापासून सांगत आल्या आहेत. चित्राची मागची बाजू मात्र कोरी!

नवी मुंबई हें वयानें लहान नगर. सिडकोची स्थापनाच १९७० ची. त्यामुळें येथील पुष्कळ कुटुंबांच्या जुन्या आठवणी खाडीपलीकडच्या, गिरगांव-दादर-लालबागच्या असतात. ‘आलम आरा’ हा आपल्याकडील पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवांतील मॅजेस्टिकमध्यें लागला. पुढें मॅजेस्टिक पाडलें गेलें आणि त्या बोलपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या चटकन् पेट घेत, आणि न जळल्या तरी कुजून जात. कागदावरचें चित्र त्या मानानें दीर्घायुषी.

पण कागद बोलतो तो विचारणाऱ्याशींच. आपली नजर प्रथम चेहऱ्यांकडे जाते; कालनिर्णयासाठीं ती चित्राच्या कडांकडे न्यावी. भित्तिपत्रकावर चित्रपटाचें नांव दिसलें तर वर्षाचा अदमास लागतो. मात्र तो अदमासच, कारण गाजलेले चित्रपट पुन्हां पुन्हां लावण्याची चाल होती. मुंबईच्या रस्त्यावर ट्राम धांवतांना दिसली, तर चित्र १९६४ च्या मार्चनंतरचें खास नव्हे.

सर्वांत भरंवशाची साक्ष इमारतीची. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव चार्ल्स यांनीं रीगल चित्रपटगृहाचा आराखडा केला. तें १९३३ त उघडलें. वडिलांच्या वास्तूंत घुमट, कमानी, दगडांत कोरलेले पशुपक्षी. मुलाच्या वास्तूंत सरळ रेषा, वातानुकूलन आणि तळघरांत मोटारी ठेवण्याची सोय! वाशीहून हार्बर गाडीनें जाऊन स्थानकापासून रीगलपर्यंत पायीं गेलें, कीं अर्ध्या तासांत सुमारें पंचेचाळीस वर्षांचें अंतर डोळ्यांखालून जातें. अशी नजर एकदां बसली, म्हणजे भित्तिपत्रक नसलें तरी फारसें अडत नाहीं.

आमच्या चित्रावर भिंग धरलें. भित्तिपत्रक अर्धें कापलें गेलेलें. पण मागें दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा तो गोलाकार दर्शनी भाग आणि वर टप्प्याटप्प्यानें चढत गेलेला मनोरा स्वच्छ दिसत होता. हें चर्चगेटचें इरॉस! तें उघडलें १९३८ सालीं. म्हणजे ‘आलम आरा’नंतर सात वर्षांनीं.

आत्याबाई रागावल्या. “मग दादा तो बोलपट बघायला गेलेच नाहींत, असं म्हणायचंय का तुला?”

तसें चित्र सांगत नाहीं, हें मी त्यांस परोपरीनें समजाविलें. गेले असतील, हें चित्र त्या दिवशींचें नव्हे, इतकेंच. त्या कांहीं वेळ गप्प बसल्या. मग दुसऱ्या तरुणावर बोट ठेवून त्यांनीं त्यांचें नांव, गिरगांवांतील चाळ आणि खोलीचा क्रमांकसुद्धां सांगितला. इतक्या वर्षांत आम्हीं तें कधीं विचारलेंच नव्हतें.

शाई कागदांतून पुढें उमटते. म्हणून मऊ पेन्सिलीनें, हात हलका ठेवून, तें सारें मीं मागें लिहून घेतलें. वर्षाच्या जागीं लिहिलें: ‘१९३८ किंवा नंतर’.