थेंब कुठला, गळती कुठली

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्पे फाट्यानंतर थोड्याच वेळात शिरढोण येतं. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ साली इथे जन्मले, म्हणून गावाचं नाव शाळेच्या पुस्तकांतून ओळखीचं. आज मात्र गावाला दिवसरात्र जागं ठेवतो तो राष्ट्रीय महामार्ग ६६. एकीकडे न्हावा-शेवा बंदर, एकीकडे कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तळोज्याचे कारखाने, पुढे कर्नाळ्याची खिंड ओलांडली की पेण. मोठे ट्रेलर मोठा माल नेतात. उरलेलं सगळं, म्हणजे सळ्या, भाजी, फरशी, गणपतीच्या आधी पेणच्या मूर्ती, हे डिझेल पिकअपवर चढतं. पिकअपवाल्याला इंजिन बसण्याची धास्ती असते, पण वर्षानुवर्षं थोडंथोडं करून खिसा हलका करते ती ऑइलची गळती. ही दुरुस्ती महाग का पडते, याचं ठरलेलं उत्तर ‘गॅरेजवाले लुटतात’ असं आहे. ते मला पटत नाही. आपल्याकडे मेकॅनिकला खोलण्याचे पैसे मिळतात, बघण्याचे मिळत नाहीत; महागाईचं मूळ तिथे आहे.

इंजिनच्या क्रँकच्या मागच्या टोकाला बसून तेल अडवणारं ऑइल सील घ्या. पत्र्याची कडी, तिला आतून रबराचा पातळ ओठ आणि ओठामागे केसासारखी बारीक गोल स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं चार सिलिंडर टर्बो इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर चालतं तेव्हा क्रँक सेकंदाला तेहेतीस वेळा फिरतो. सीलखालचा भाग ९० मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्या ओठावरून लोखंड सेकंदाला नऊ मीटरहून अधिक वेगाने सरकत असतं, तेही उकळत्या पाण्याइतक्या तापलेल्या तेलात. ओठ टिकतो तो त्याच्याखाली राहणाऱ्या तेलाच्या अतिपातळ थरामुळे. म्हणून नवं सील कोरडं बसवलं तर पहिल्या स्टार्टलाच ओठ करपतो, तिरकं ठोकलं तर महिन्यात पाझरतं, आणि जुन्या सीलने क्रँकवर चर पाडलेली असेल तर नव्या सीलचाही उपयोग होत नाही. वस्तू काही शे रुपयांची. पण तिथवर पोचायला प्रोपेलर शाफ्ट सोडा, गिअरबॉक्स उतरवा, क्लच काढा, फ्लायव्हील काढा. बिल होतं ते या वाटेचं.

आता गंमत अशी की गिअरबॉक्सच्या तोंडाशी लोंबणारा थेंब या सीलचाच असतो असं नाही. तेल खाली वाहतं आणि धावत्या गाडीतल्या वाऱ्याने मागे सरकतं. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात कडक झालं की तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळतं आणि नेमकं तिथेच टपकतं. टॅपेट कव्हरचं काम तुलनेने थोडक्यात आटोपतं, सीलला दिवस जातो. त्यात कोकणातला चिखल आणि महिनोन्‌महिने साचलेली काळी किट. कुठलं तेल कुठून आलं हे नुसत्या नजरेला कळणं अशक्य. इंजिन धुऊन, सुकवून, एक खेप मारून आणल्यावर वरून खाली बघत यायचं, सगळ्यात वरचा ओला भाग शोधायचा. तेलाचा वास घ्यायचा, कारण गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो आणि इंजिन ऑइलला नसतो. यात हत्यार जवळजवळ लागत नाही, आणि म्हणूनच या कामाचे पैसे कोणी देत नाही.

याहून मोठी चूक दाबाची. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडी हवा खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतेच. ती बाहेर काढायला ब्रीदर असतो. ब्रीदर तुंबला किंवा रिंगा झिजून बॅक कॉम्प्रेशन वाढलं, की आतला दाब सगळ्यात दुबळ्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो. ते सील बदला, पुढचं दुबळं सील गळेल. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवायचं. ते थडथडा उडू लागलं किंवा धूर भकाभका आला तर पहिला संशय सीलवर नको. ही खूण ढोबळ आहे, काही इंजिनांत झाकण थोडं हलतंच. पण तीही न बघता गिअरबॉक्स उतरवला जातो.

यावर मालकाचा आक्षेप असतो: थोडी गळली तर गळू द्या, वरून ऑइल टाकू. तीन-चारशे रुपये लिटरचं तेल महिन्याला अर्धा-एक लिटर टाकणं हे गाडी दोन दिवस उभी करून भाडं बुडवण्यापेक्षा स्वस्तच. हा हिशोब चुकीचा नाही. नुसता घाम फुटल्यासारखं ओलं दिसणारं सील डिपस्टिकवर नजर ठेवून खुशाल चालवावं, आणि क्लच प्लेट बदलायची वेळ आली की त्याच उघडझाकीत बदलून टाकावं. शहाणे मालक हेच करतात. पण तो घाम आहे की टर्बोच्या ऑइल पाइपला पडलेली चीर, हे आधी कळायला हवं. त्या पाइपात तेल दाबाने जातं. तो फुटला तर पुढच्या गावापर्यंत इंजिन जाम होईल. तेल तापलेल्या टर्बोवर पडलं तर आग लागू शकते, क्लचवर गेलं तर भरली गाडी कर्नाळ्याच्या चढाला घसरते. शिवाय रस्त्यावर सांडलेलं तेल पहिल्या पावसात दुचाकीवाल्याला आडवं करतं. म्हणजे ‘चालू द्या’ म्हणायलाही तपासणी लागतेच.

जाड ऑइल किंवा गळती थांबवणारं औषध हा दुसरा उपाय सांगितला जातो. कडक झालेलं रबर औषधाने काही दिवस मऊ पडतं, हे खरं. फाटलेल्या ओठाला किंवा चर पडलेल्या क्रँकला ते काही करत नाही. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत, जिथे धुराचा फिल्टर आहे तिथे, कंपनीने सांगितलेलं कमी राखेचं तेल सोडून भलतं भरलं तर फिल्टर तुंबायचा; त्याच्यापुढे सीलचं बिल किरकोळ वाटेल. कंपनीच्या वर्कशॉपात गेलं की प्रश्न सुटतो, असंही नाही. तिथे तपासणी बिलात दिसते, एवढा फरक. पण मजुरी रस्त्यावरच्या गॅरेजपेक्षा चढी, म्हणून वॉरंटी संपली की पिकअप तिकडे फारशी फिरकत नाही. निदान करणारा हात रस्त्याकडेलाही असतो, त्याला त्या कामाची किंमत मिळत नाही एवढंच.

तेव्हा पिकअपवाल्यांनो, गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी इंजिन धुऊन एक खेप मारून आणा, ब्रीदर उघडून बघायला सांगा, आणि त्या बघण्याचे पैसे मेकॅनिकला वेगळे द्या, काही खोलावं लागलं नाही तरीही.