बाइकचं लायसन्स संपलंय? आधी तारीख बघा

आपल्यापैकी बरेच जण दर दोन-तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलतात, पण लायसन्सवरची तारीख मात्र पोलिसाने हात केल्यावरच बघतात. जुनी ३० दिवसांची सवलत २०१९ च्या कायदादुरुस्तीत गेली. आता मुदत संपली की दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही विनापरवाना. दंड ५००० रुपये. अपघात झाला तर विम्याच्या दाव्याचाही घोळ, आणि तो दंडापेक्षा फार महागात पडतो.

नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. मुदत संपल्यावरही वर्षभर अर्ज चालतो, चाचणी लागत नाही. वर्ष उलटलं की पुन्हा टेस्ट ट्रॅकवर! अर्ज 'सारथी' पोर्टलवर करा, त्यासाठी एजंट कशाला? चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, जोडा.

निलंबनाचं प्रकरण वेगळं. हेल्मेट नसेल तर कायद्यात हजार रुपये दंडासोबत तीन महिने अपात्रताही आहे, हे कितीजणांना ठाऊक असतं? तीन महिने संपले म्हणून लायसन्स आपोआप हातात पडत नाही. आधी रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करा. तोवर गाडी स्टँडवरच.