ठासणीची बंदूक आणि दाराआडचा संकल्प



भात निसवले, भुईमूग भरत आला की गावोगाव एकच गाऱ्हाणे ऐकू येते. रात्रीतून डुकरांचा कळप आला आणि वावर नांगरल्यासारखे करून गेला! मग चावडीवर कोणीतरी म्हणतोच, "बंदूक काढली पाहिजे. आपला हक्कच आहे तो." हा हक्क नेमका केवढा, हे मात्र ज्यांच्या घरात बंदूक आहे त्यांच्यापैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा करून परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली. त्याचा सल लोकांच्या मनात होता. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत यावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. तेव्हा आपल्याकडे बंदूक हा मूलभूत हक्क नाही. जे आहे ते परवान्याने मिळते.

पण शेतकऱ्याची जागा या कायद्यात थोडी वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात म्हटले आहे की खरोखर पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना द्यावा. तेवढ्याने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवानाही देता येतो. अर्जदार अयोग्य वाटला किंवा सार्वजनिक शांततेला धोका दिसला तर अधिकारी नाकारू शकतो, पण कारणे त्याला लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येते. एवढा हक्क आपला आहे, आणि तो मागताना भीड बाळगू नये.

मिळाल्यावर तो टिकवायचा कसा? सिंधुदुर्गातल्या एका बागायतदाराच्या घरी मी एक चांगली रीत पाहिली. ज्या दाराआड बंदूक टांगलेली, त्याच दाराच्या आतल्या बाजूला वहीचा कागद चिकटवलेला. त्यावर त्याच्या हातचा संकल्प : "ही बंदूक पिकासाठी आहे. दिसल्याशिवाय, ओळखल्याशिवाय चाप ओढणार नाही. दारू पिऊन हात लावणार नाही. माझ्याशिवाय कोणाच्या हाती देणार नाही." राखणीला निघताना तो हे रोज मोठ्याने वाचतो. विसरला तर सून स्वयंपाकघरातून विचारते, "वाचलंत का?" खंडेनवमीला आपण बंदुकीला हळदकुंकू वाहतो ते ठीकच, पण ती वर्षातून एकदा. चूक व्हायला एक रात्र पुरते.

त्यातले दुसरे वाक्य माझ्या मते सर्वांत मोलाचे. रात्री गवत हलले की माणूस डुक्कर समजून बार काढतो, आणि तिकडे शेजारच्या बांधावरचा राखणदार लघवीला उठलेला असतो. छऱ्याला माणूस कळत नाही. म्हणून संध्याकाळीच शेजाऱ्याला सांगावे, मी अमुक माळ्यावर आहे, तू कोठे आहेस? दोघांजवळ बॅटरी असावी आणि हाक मारून ओ आल्याशिवाय कोणी जागा सोडू नये.

ठासणीच्या बंदुकीची आणखी एक खोड आहे. एकदा ठासली की ती सहज रिकामी होत नाही. पहाटे कंटाळलेला माणूस तशीच भरलेली घरी आणतो आणि खुंटीला लावतो. घरात नातवंडे असतात! ठासायची ती शेतावर गेल्यावरच, आणि मोकळी केल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. दारू आणि केपा वेगळ्या कुलपात. हे बघण्याचे काम घरच्या बायकांनी अंगावर घ्यावे, त्या पुरुषांपेक्षा कडक असतात.

पुष्कळांचा समज असा की पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची मुभा. तसे नाही. रानडुक्कर आणि नीलगाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. पिकाची नासाडी होत असली तरी मारण्यास वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि मेलेले जनावर सरकारचे असते, वाटून खाण्याचे नव्हे. अंगावरच आले आणि जीव वाचवण्यासाठी मारावे लागले तर गोष्ट निराळी. नुकसान झाले तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज ताबडतोब द्यावा. पंचनाम्याआधी वावर साफ करू नये.

लग्नावरातीत बार उडवणाऱ्यांनी हेही ऐकावे : २०१९ च्या दुरुस्तीनुसार निष्काळजीपणे असा गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरदेवाची वरात ताशावर शोभते.

आणि वडील वारले की बंदूक तशीच दाराआड लटकत राहते, ते फार धोक्याचे. परवाना वडिलांच्या नावाचा होता, मुलाच्या नव्हे. दिवसकार्य उरकताच ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि हवी असल्यास मुलाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

तुमच्या घरी बंदूक असेल तर आज रात्रीच कागद घ्या आणि तुमच्या शब्दांत लिहा. छापील नको. खाली परवान्याची मुदत संपण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. २०१९ पासून मुदत पाच वर्षांची झाली आहे, आणि पाच वर्षांत तारीख विसरायला होतेच.