सड्यावर विमान उडवताय? आधी टायमर लावा

मॉडेल विमानवाल्यांनो, उडवायच्या घाईत टायमरचं बटण दाबायचं राहतंच. म्हणून तो थ्रॉटलला जोडा. एजटीएक्सवर चालणाऱ्या रेडिओत मॉडेल सेटअपमध्ये टायमरला ‘टीएचटी’ निवडा. पहिल्यांदा थ्रॉटल दिला की मोजणी सुरू. ‘टीएच%’ मध्ये थ्रॉटल निम्मा तर घड्याळही निम्म्या वेगाने चालतं. मोटर ग्लायडरला मी तोच लावतो.

वेळ किती ठेवायची? आधी चारच मिनिटं उडवा. नंतर चार्जरने किती एमएएच भरले ते बघा. समजा, २२०० च्या लिपोत १२०० भरले, म्हणजे मिनिटाला ३००. ८० टक्के, म्हणजे १७६० च वापरायचे, तर पावणेसहा मिनिटं मिळतात. टायमर मात्र ५ वरच ठेवा. लांज्याच्या कातळसड्यावर वारा उठला की पहिलं लँडिंग सोडून पुन्हा फेरी मारावी लागते, आणि जांभ्यावर मोटर बंद पडून उतरणं विमानाला परवडत नाही.

दर मिनिटाची आवाजी सूचना आणि शेवटचं काउंटडाउन चालू ठेवा, म्हणजे नजर विमानावरून हलत नाही. आणि बॅटरी बदललीत की टायमर आठवणीने रीसेट करा.