मोटारीच्या टपावरील तंबू

दिवाळीची सुटी लागली कीं आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत, म्हणजे अकोले तालुक्यांत, मुंबई-पुण्याकडील मोटारींची रीघ लागते. प्रवरेवर १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण, त्यामागें पसरलेला आर्थर जलाशय, रतनवाडीचें अमृतेश्वराचें देवालय आणि १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर हीं स्थळें आतां घराघरांत ठाऊक झालीं आहेत. जलाशयाच्या कांठीं तंबू ठोकून रात्र काढण्याची प्रथाही नवी राहिलेली नाहीं. परंतु अलीकडे तेथें एक निराळाच प्रकार दिसूं लागला आहे. तंबू जमिनीवर नसून मोटारीच्या टपावर असतो. बाजूस शिडी लावलेली असते, आणि माळ्यावर चढावें त्याप्रमाणें मंडळी त्यांत चढून निजतात.

तो प्रकार प्रथम पाहिला तेव्हां आम्हांस हसूं आलें. पण गेल्या वर्षीं तसलाच एक तंबू आमच्याच अंगणांत येऊन पडला. मग हसणें बाजूस राहिलें आणि विचार करणें भाग पडलें. तो विचार वाचकांपुढें मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

वास्तविक तंबूचें आमच्या जिल्ह्यास अप्रूप नसावें. अमरकोशांत वस्त्राच्या घरास ‘दूष्य’ असा शब्द आहे. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणाचा आरंभच सैन्याची छावणी कशी वसवावी ह्या विषयानें केला आहे. आणि तंबूंचें अफाट नगर दक्षिणेंत वर्षानुवर्षें हिंडविणारा औरंगजेब १७०७ सालीं मरण पावला तो आमच्या नगरजवळच्या भिंगार येथेंच. परंतु हे सर्व तंबू भूमीवर उभे होते. त्यांचा भार पृथ्वी सोशीत होती. येथें तो भार मोटारीच्या टपानें सोसावयाचा आहे. पुढील सारा विचार ह्या एका भेदांतून निघतो.

टपावरील तंबूची कल्पना यूरोपांतली. इटलींत १९५८ च्या सुमारास असा तंबू विक्रीस आला, आणि पुढें आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथील लांबच्या प्रवाशांनीं तो उचलून धरला. चिखल, विंचू, सर्प ह्यांपासून दूर, कोरड्या जागीं निजावयास मिळतें, हा त्याचा मोठा गुण. त्याच्या मुख्य जाती दोन. एक कापडी आवरणाची, घडी उलगडून पसरणारी. दुसरी कठीण कवचाची, पेटीप्रमाणें उघडणारी. आंत गादी बसविलेलीच असते. दोन माणसांच्या तंबूचें वजन साधारणतः ५० ते ८० किलो भरतें.

आमच्या पुतण्याकडे उंच बांधणीची मोटार आहे. अशा मोटारीस हल्लीं एस्.यू.व्ही. म्हणतात. तिच्या टपावर कारखान्यांतूनच बसवून आलेल्या लांबीच्या दोन दांड्या आहेत. विकणाऱ्यानें त्यास सांगितलें कीं, “ह्या दांड्यांवर काय वाटेल तें ठेवा.” शनिवारीं पहांटे निघावयाचें ठरलें, नातवंडांनीं पिशव्या भरल्या. आम्हीं सहज विचारलें, “गाडीच्या पुस्तकांत काय लिहिलें आहे?” पुतण्या म्हणाला, “काका, पुस्तक कोण वाचतो?” आम्हीं म्हटलें, “मग आज आपण दोघे वाचूं.”

पुस्तक वाचल्यावर जें कळलें तें असें. टपावरील भार दोन प्रकारचा मानावा लागतो. गाडी धांवत असतां जो भार टपास सोसतो तो चलभार. गाडी उभी असतां जो सोसतो तो स्थिरभार. डोक्यावर भरली घागर घेऊन उभी राहणारी बाई आणि तीच घागर घेऊन खडकाळ पायवाट उतरणारी बाई ह्यांच्या मानेवरील ताणांत जें अंतर असतें, तेंच येथें समजावें. खड्डा, वळण, एकदम दाबलेला ब्रेक ह्यांनीं तोच बोजा जणूं कित्येक पटींनीं जड होतो. म्हणून चलभाराची मर्यादा लहान व स्थिरभाराची मोठी असते. कित्येक मोटारींच्या टपावरील दांड्या तर केवळ शोभेच्या असतात व त्यांवर कांहींच लादूं नये असें पुस्तकांत बजावलेलें असतें. त्या हातांना कितीही भक्कम लागल्या तरी त्यांवर तंबू चढवूं नये.

आमच्या गाडीची मर्यादा चालतांना ७५ किलो अशी छापलेली निघाली. दांड्यांवर तंबू थेट बसत नाहीं. मध्यें दोन आडव्या पट्ट्या घालाव्या लागतात. त्यांची स्वतःची मर्यादा ८० किलो होती. टप, दांड्या व पट्ट्या ह्यांपैकीं ज्याची मर्यादा सर्वांत लहान तीच खरी धरावयाची, म्हणून ७५. त्यांतून पट्ट्यांचें स्वतःचें वजन ६ किलो वजा जातें, उरले ६९. तंबूच्या कागदावर वजन ६० किलो लिहिलें होतें, तेव्हां पुतण्या विजयी मुद्रेनें आमच्याकडे पाहूं लागला. आम्हीं मात्र तंबू अडत्याच्या कांट्यावर नेऊन तोलावयास लाविला. शिडी, वरचें आवरण आणि आंत कोंबलेलीं पांघरुणें धरून कांटा ७१ वर थांबला.

“दोन किलोंनीं काय होतें, काका?” असें तो म्हणाला. त्या क्षणीं घरांतील सर्व डोळे आमच्यावर लागले होते. वडील माणसानें अशा वेळीं नाहीं म्हटलें कीं तो आनंदाचा वैरी ठरतो, आणि होय म्हटलें तर आपल्या शब्दावर विसंबून ओळीनें बसलेलीं पोरें घाटांत उतरावयाचीं असतात. आम्हीं आयुष्यभर मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविली. उत्तर दोनानें चुकलें तर तें चूकच धरलें. आज घरच्या मुलासाठीं तो नियम मोडणें आमच्यानें झालें नाहीं.

पण नुसता नकार देऊन वडीलकी सिद्ध होत नाहीं. वाटही दाखवावी लागते. शिडी ५ किलोंची व पांघरुणें ४ किलोंचीं होतीं. तीं खालीं काढून गाडीच्या आंत घट्ट बांधून ठेवावयाचीं ठरलें. तंबू ६२ वर आला, पट्ट्या धरून ६८. मर्यादेच्या आंत ७ किलो अवकाश राहिला.

स्थिरभाराविषयीं मात्र पुस्तक मुकें होतें. पुतण्या, सूनबाई व धाकटा नातू मिळून १४५ किलो, तंबू सर्व साहित्यासह ७१ आणि पट्ट्या ६, म्हणजे २२२. स्थिरभार चलभाराच्या कित्येक पट असतो असें लोक म्हणतात; पण लोक म्हणतात त्यावर मुलांना निजवूं नये. आम्हीं मोटार बनविणारांकडे लेखी विचारणा करावयास लाविली. शनिवार गेला. मुलें रुसलीं, पुतण्या जेवतांना बोलेनासा झाला, आणि वहिनींनीं “तुमचें आपलें सगळ्यांत व्याकरण!” असा अहेर केला. आठव्या दिवशीं उत्तर आलें: उभ्या गाडीवर ३०० किलोपर्यंत चालेल. पुतण्यानें तो कागद स्वतः आणून आमच्या हातीं दिला.

तंबू बसवितांनाही घाई कामाची नाहीं. तो उचलण्यास चार माणसें हवींत. दोघांनीं उचलला तर कंबर तरी जाते किंवा टपास पोचा तरी पडतो. आडव्या पट्ट्यांमधील अंतर तंबूच्या कागदांत सांगितलेलें असेल तेंच ठेवावें आणि तंबू मध्यभागीं यावा. नट-बोल्ट सांगितलेल्या जोरानेंच आवळावेत. सैल राहिले तर निसटतात, अति आवळले तर आटे जातात. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर थांबून ते पुन्हां तपासावेत, व पुढें प्रत्येक मुक्कामीं एकवार हात फिरवावा. लष्करी वाहनांची कसोटी घेणारी संस्था आमच्या नगरांत वाहननगर येथें आहे. परीक्षेवांचून गाडी विश्वासास पात्र होत नाहीं, हा धडा निदान नगरकरांनीं तरी विसरूं नये.

कायद्याकडेही पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें गाडीच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा फेरफार करतां येत नाहीं. तेव्हां टपास भोंक पाडणें, जोडकाम करणें असले उद्योग करूं नयेत, आणि सुटा होणारा तंबू असला तरी परिवहन कार्यालय व विमा कंपनी ह्यांस आधीं विचारून घ्यावें.

तंबू चढल्यावर गाडीचा स्वभाव पालटतो. तिचा गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर ती अधिक झुकते, वारा अधिक लागतो, इंधन अधिक जळतें. संगमनेर, अकोले, राजूर ह्या मार्गानें जातांना राजूरच्या पुढील वळणांवर आम्हीं वेग निम्म्यावर आणविला. गाडीची नवी उंची मोजून ती कागदावर लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावी. कमानी, वाहनतळ आणि झाडांच्या लोंबत्या फांद्या ह्यांस आपली आठवण राहत नाहीं, आपणांस त्यांची ठेवावी लागते.

मुक्कामाची जागा सपाट व जलाशयाच्या अगदीं कांठापासून दूर असावी. चाकांस मागें-पुढें दगड लावावे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हें १९८६ पासून अभयारण्य आहे. तेथें परवानगीवांचून राहूं नये. तंबूंत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवूं नये, कारण कोंडलेल्या विषारी वायूनें झोपेंतच प्राण जातो. मे-जूनमध्यें काजवे पाहण्यास जाणारांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, वळवाच्या गडगडाटांत टपावरील कापड विजेपासून रक्षण करीत नाहीं. तत्काळ खालीं उतरून कांचा लावून मोटारींत बसावें. आणि घरीं परतल्यावर भिजलेला तंबू तसाच मिटून ठेवूं नये, नाहीं तर त्यास बुरशी धरते.

आम्ही स्वतः व आमच्या सौ. त्या रात्रीं पर्यटन महामंडळाच्या विश्रामगृहांत निजलों; गुडघ्यांनीं शिडीचा कौल दिला नाहीं. पहांटे मात्र आम्हीं जलाशयाकडे फेरी मारली. धुकें पाण्यावर बसलें होतें. टपावरील तंबूच्या खिडकींतून धाकट्या नातवाचें डोकें बाहेर आलें आणि तो ओरडला, “आजोबा, वर या! येथून कळसूबाई दिसतें!” पुतण्यानें शिडी दोन्ही हातांनीं धरली. आम्ही दोन पायऱ्या चढलों, तेवढ्यांत तो हंसत म्हणाला, “थांबा काका, तुमचें वजन हिशेबांत धरलें आहे का?”

आम्ही मुकाट्यानें खालीं उतरलों. सूनबाई खालीं आल्या, तेव्हां मग आम्ही वर चढलों.