फुलकोबीचें पाणी आणि खत

फुलकोबीच्या पिकांत बाजारांत ज्यास 'बटन' म्हणतात तो प्रकार बहुतेक बागाइतदारांनीं केव्हां ना केव्हां पाहिलेला असेल. रोप अजून वीतभरच असतें, पानें आठ-दहाच सुटलेलीं असतात, आणि इतक्यांत शेंड्यांत सुपारीएवढा गड्डा दिसूं लागतो. पीक लवकर आलें म्हणून पाहणारास प्रथम आनंद होतो. परंतु तो गड्डा लिंबाएवढा होतो न होतो तोंच फुटून पसरतो, आणि अडत्याच्या काट्यावर त्यास कोणी विचारीत नाहीं. मग खत कमी पडलें असें समजून युरियाचें पोतें फोडलें जातें व पाटाचें पाणी दुप्पट केलें जातें. त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. तो कां होत नाहीं हें ज्यास नीट उमगलें, त्यास या पिकाच्या पाण्याचें व खताचें निम्मेंअधिक शास्त्र उमगलें असें समजावें.

फुलकोबीचा गड्डा म्हणजे रोपाच्या शेंड्याचेंच रूपांतर होय. जोंपर्यंत शेंडा वाढता आहे तोंपर्यंत तो पानामागून पान सोडीत असतो. एकदां त्याचा गड्डा बनूं लागला कीं नवीं पानें येणें थांबतें. त्यापुढें गड्ड्याचें सारें पोषण, तोंवर आलेल्या पानांनींच करावयाचें असतें. अर्थात् गड्डा किती मोठा होणार हें, तो डोळ्यांस दिसण्याच्या आधींच ठरून गेलेलें असतें. ऊस किंवा मिरची यांची गोष्ट वेगळी. त्यांस पंधरा दिवसांची उपासमार झाली तरी पुढें सांभाळून घेतां येतें. हळवी फुलकोबी लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत काढणीस येते; तीस गमावलेले पंधरा दिवस परत मिळण्यास जागाच नसते.

गड्डा केव्हां धरावयाचा हें मुख्यतः हवेच्या उष्णमानावर ठरतें, आणि तें प्रत्येक जातीचें निराळें आहे. हें पीक आपल्याकडील नव्हे. १८२२ सालीं सहारणपूरच्या सरकारी बागेंत त्याचें बीं विलायतेहून आणून लावलें गेलें, आणि पुढील शंभर-सवाशें वर्षांत उत्तर हिंदुस्थानांतील माळ्यांनीं वेंचून वेंचून उष्ण हवेंतहि गड्डा धरणाऱ्या जाती तयार केल्या. या हळव्या जाती २० ते २७ अंशांच्या हवेंत गड्डा धरतात. स्नोबॉलसारख्या गरव्या जातींस १० ते १६ अंशांची थंडी लागते. हळवी जात उशिरां लावली म्हणजे थंडी लागतांच ती पानांचा संसार मांडण्यापूर्वींच गड्डा धरते. रोपवाटिकेंत सहा-सहा आठवडे ताटकळलेलें, जून झालेलें रोपहि तसेंच करतें. म्हणून पंचवीस ते तीस दिवसांचेंच रोप लावावें. जात व वेळ बरोबर असूनहि बटन पडलें, तर मात्र दोष जमिनींतील भुकेचा किंवा तहानेचा समजावा. या लेखाचा विषय तोच आहे.

ज्या जमिनींत शेणखत, पालापाचोळा व हिरवळीचें खत वर्षानुवर्षें पडत आलें आहे, जींत गांडुळें दिसतात आणि ओल्या मातीस तो ओळखीचा गोड वास येतो, तीस आपण जिवंत जमीन म्हणतों. अशा जमिनींतील नत्र पिकाच्या तोंडीं सरळ पडत नाहीं. तो सेंद्रिय पदार्थांत बांधलेला असतो. जंतु ते पदार्थ कुजवितात तेव्हां त्याचा अमोनिया होतो. दुसरे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात व तिसरे त्याचें नायट्रेट करतात. आणि मग मुळें तें उचलतात. या सर्व स्वयंपाक्यांस तीन गोष्टी हव्यात : ओल, हवा आणि ऊब. माती कोरडी पडली कीं चूल विझते. माती पाण्यानें गच्च भरली कीं हवा कोंडते. मग नायट्रेट करणारे जंतु थांबतात, एवढेंच नव्हे, तर झालेलें नायट्रेट मोडून त्यांतील नत्र वायुरूपानें उडवून लावणारे जंतु कामास लागतात. यावरून एक गोष्ट उघड होते. जिवंत जमिनींत खत देण्याचा दिवस व पाणी देण्याचा दिवस हे निराळे नाहींत. खत आधींच घातलेलें असतें. तें पिकास वाढून देणें हें काम पाण्याचें आहे.

आपल्या भाषेंत यासाठीं 'वाफसा' हा शब्द पूर्वापार आहे. मातीच्या कणांमधील पोकळींत निम्म्याहून थोडें अधिक पाणी व बाकीची हवा अशी जी स्थिति, तीच जंतूंस सर्वांत मानवते, आणि वाफसा म्हणजे नेमकी तीच स्थिति होय. ती पाहण्यास यंत्र लागत नाहीं. रोपापासून चार बोटें दूर, चार इंच खोलीवरची माती मुठींत घेऊन दाबावी. लाडू वळला आणि बोटानें टोंचतांच फुटला तर वाफसा आहे. बोटांस चिकटली तर पाणी थांबवावें, आणि लाडूच वळला नाहीं तर पाणी आजच द्यावें. वरच्या बोटभर मातीचा रंग पाहून पाणी ठरविणारे पुष्कळ आहेत. काळ्या जमिनींत ती खूण फसवी ठरते, कारण वरचा थर पांढुरका पडून सुकलेला असला तरी खालीं चिखल असूं शकतो.

लावणीचें पाणी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीं आंबवणी द्यावी. त्यापुढें मध्यम काळ्या जमिनींत हिवाळ्यांत आठ-दहा दिवसांनीं, हलक्या जमिनींत पांच-सहा दिवसांनीं पाणी लागतें. पण हा पंचांग पाहून पाळावयाचा नेम नव्हे, मूठ पाहूनच ठरवावें. फुलकोबीचीं बरींचशीं मुळें वरच्या हात-सव्वा हातांतच असतात, म्हणून सरी तुडुंब भरून वरंबा बुडविण्यांत पाणी व नत्र दोन्ही मुळांच्या खालीं जातात. काळ्या जमिनीस भेगा पडूं देणें हा तर अक्षम्य प्रमाद होय. भेग पडतांना बारीक मुळें तुटतात, आणि पुढचें पाणी त्या भेगांतून सरळ पाताळांत जातें.

कोरड पडून पुन्हां ओल आली म्हणजे कांहीं दिवस जंतूंचें काम एकदम वाढतें व नायट्रेटचा लोंढा येतो. पूर्व आफ्रिकेंत काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञानें १९५८ सालीं हें मोजून दाखविलें. उन्हाळ्यांत नांगरट करून जमीन तापत टाकणारा आपला शेतकरी त्याचें फळ पिढ्यान्‌पिढ्या घेत आला आहे. हें ऐकून कोणी म्हणेल कीं, मग फुलकोबीसहि मधून मधून कोरड द्यावी. तसें करूं नये. त्या लोंढ्याचा लाभ ज्या पिकाचीं मुळें पसरलेलीं आहेत त्यास होतो. कोरडीच्या दिवसांत रोपाची जी पानें येण्याचीं राहिलीं तीं मात्र लोंढ्यानें येत नाहींत. शिवाय खरिपांतील लावणींत हा लोंढा मृगाच्या सरींबरोबर येतो व रोपानें मूळ धरण्यापूर्वींच जोराच्या पावसानें खालीं वाहून जातो.

ठिबकाविषयीं एक सूचना अवश्य द्यावीशी वाटते. ठिबकानें सबंध शेत भिजत नाहीं. नळीखालचा एक पट्टा तेवढा भिजतो. म्हणजे जिवंत असते ती जमीनहि तेवढीच. शेणखत साऱ्या रानांत सारखें पसरून वर ठिबक घातलें, तर दोन नळ्यांमधील कोरड्या पट्ट्यांत पडलेलें खत त्या हंगामापुरतें मेलेलेंच समजावें. ठिबकावर लावणी असेल तर खत पट्ट्यांतच, मातींत मिसळून घालावें, आणि वर उसाच्या पाचटाचें दोन बोटें आच्छादन करावें. जमिनींतील जंतूंची सर्वांत दाट वस्ती वरच्या दोन-तीन इंचांत असते, आणि आच्छादन नसेल तर नेमका तोच थर दुपारच्या उन्हानें रोज सुकतो. पाचट मात्र वरच राहूं द्यावें, मातींत गाडूं नये.

आतां खताचा हिशेब. तो पोकळ स्तुतीनें होत नाहीं, कागदावर मांडावा लागतो. महाराष्ट्रांत फुलकोबीस हेक्टरीं १५० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद व ७५ किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. म्हणजे एकरीं सुमारें ६० किलो नत्र. एकरीं आठ टन कुजलेलें शेणखत घातलें, व त्यांत शेंकडा अर्धा नत्र धरला, तर एकंदर ४० किलो होतो. पण पहिल्या वर्षीं त्यांतील सुमारें तिसरा हिस्साच, म्हणजे तेरा किलोच्या आसपास, पिकास मिळूं शकतो. एका एकराच्या वरच्या सहा इंच थरांत सुमारें नऊ लाख किलो माती असते. तींत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का असेल तर त्यासोबत नत्र चारशें किलोंच्या आंतबाहेर असतो, व त्यांतील दोन-तीन टक्केच, म्हणजे आठ ते बारा किलो, वर्षांत मोकळा होतो. कर्ब एक टक्का झाला कीं हा आंकडा दुप्पट होतो. पहिल्याच वर्षीं 'आम्हीं सेंद्रिय केलें व पीक बसलें' अशी जी ओरड ऐकूं येते तिचें कारण या बेरजेंत आहे. जमीन एका हंगामांत जिवंत होत नाहीं, आणि फुलकोबी तिच्यासाठीं थांबत नाहीं.

ही तूट भरून काढण्याचे चांगले मार्ग दोन आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरांत लावणी करणारानें जूनमध्यें ताग पेरून तो फुलावर येतांच गाडावा. एकरीं पंचवीस-तीस किलो नत्र त्यांतून सहज जमा होतो, व कोंवळा असल्यानें लवकर मोकळा होतो. गाडल्यावर निदान दोन-तीन आठवडे जाऊं द्यावे. दुसरा मार्ग पेंडीचा. निंबोळी पेंडींत शेंकडा पांच, एरंडी पेंडींत सुमारें सव्वाचार नत्र असतो. एकरीं चारशें किलो निंबोळी पेंड म्हणजे वीस किलो नत्र झाला. तीहि लावणीच्या दोन आठवडे आधीं ओल्या मातींत मिसळावी. रोपाची मोठी भूक चौथ्या आठवड्यापासून लागते, आणि पेंड तोंपर्यंत शिजून तयार असते. ज्यांची जमीन अजून हलकी व कर्बहीन आहे, त्यांनीं पहिलीं दोन-तीन वर्षें लावणीनंतर तीन-चार आठवड्यांच्या आंत थोडा वरखताचा हप्ता दिला, तर त्यांत पाप नाहीं. गड्डा दिसूं लागल्यावर दिलेला हप्ता मात्र उशिराचा, आणि तो भरमसाट असला तर खोड पोकळ करणारा.

जीवामृताविषयीं वारंवार पृच्छा होते. दोनशें लिटर पाण्यांत दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ व दोन किलो डाळीचें पीठ, असें त्याचें प्रमाण आहे. या सर्वांत मिळून नत्र पाव किलोच्या आसपास भरतो. एकराची भूक साठ किलोंची! विरजण दुधास लागतें हें खरें, पण विरजणावर पोट भरत नाहीं. आणि बाजारांत रंगीत बाटल्यांतून विकल्या जाणाऱ्या जंतूंच्या अर्कांसहि हेंच लागू आहे.

सर्वांत घातक खत म्हणजे कच्चें खत. गव्हाचें काड किंवा ज्वारीची धाटें यांत एका भाग नत्रास साठ-ऐंशीं भाग कर्ब असतो. अशा वस्तु अर्धवट कुजलेल्या स्थितींत मातींत गेल्या, कीं जंतु त्या कुजविण्यासाठीं लागणारा नत्र जमिनींतूनच ओढून घेतात, आणि महिना-दीड महिना रोप पिवळें राहतें. दुसऱ्या पिकांत हा नत्र पुढें परत मिळतो. फुलकोबींत तो परत येईपर्यंत बटन पडलेलें असतें. पूर्ण कुजविण्याची पद्धत आपल्याजवळच शोधली गेली. १९२४ ते १९३१ या काळांत इंदूरच्या संस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं ती सिद्ध केली, व १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. काडीकचरा, शेण, गोठ्यांतील मुताची माती व राख यांचे पातळ थर देऊन कर्ब-नत्राचें प्रमाण आरंभीं ३३ ला १ च्या सुमारास ठेवावयाचें. सुमारें सोळाव्या दिवशीं, महिन्यानें व दोन महिन्यांनीं अशा तीन चाळण्या द्यावयाच्या. तीन महिन्यांनीं खत तयार. तें हातांत घेतलें असतां काडी ओळखूं येत नाहीं, व वास मातीचा येतो. काडी ओळखूं येत असेल तर तें खत या पिकास घालूं नये, पुढच्या ज्वारीस राखून ठेवावें.

गड्डा धरल्यावर ओल सारखी ठेवण्यापलीकडे फारसें करावयाचें उरत नाहीं. या वेळीं कोरडीमागून एकदम भरपूर पाणी झालें तर गड्डा सैल पडतो. तो मुठीएवढा झाला म्हणजे भोंवतालचीं पानें वर घेऊन सैलसर बांधावीं, म्हणजे उन्हानें पिवळा पडत नाहीं. फवाऱ्यानें पानांवरून पाणी देण्याचें टाळावें, कारण घाण्या रोगाचे जंतु उडत्या पाण्याबरोबर रोपावरून रोपावर जातात. काढणीनंतर निरोगी पानें जनावरांस घालावीं. रोगट बुंधे मात्र उपटून शेताबाहेर न्यावे, आणि त्या रानांत निदान दोन वर्षें कोबीवर्गांतील पीक घेऊं नये.