अनेक हॉइस्टांचे बिनतारी समन्वयन

एकच जड वस्तू दोन किंवा अधिक हॉइस्टांनी उचलताना त्या सर्वांची गती, उंची आणि त्यांवरील भार यांचा मेळ रेडिओ लहरींच्या साहाय्याने राखण्याच्या पद्धतीस अनेक हॉइस्टांचे बिनतारी समन्वयन म्हणतात. हॉइस्ट म्हणजे साखळी किंवा तारेचा दोर ओढून वजन वर घेणारे, बहुधा विजेवर चालणारे यंत्र होय. रेल्वे इंजिनांच्या शेड, वीजकेंद्रे, पूलबांधणी आणि जड यंत्रांचे कारखाने येथे लांब वा अवजड वस्तू एका आकड्याने उचलणे अनेकदा शक्य नसते. तेथे ही पद्धत वापरली जाते. सर्व हॉइस्ट एकदम सुरू करणे हा तिचा केवळ एक भाग आहे. एक हॉइस्ट थांबताच उरलेले सर्व थांबवणे हे तिचे अधिक महत्त्वाचे कार्य आहे.

भाराची विभागणी

दोन हॉइस्टांमध्ये वजन नेहमी निम्मे-निम्मे वाटले जात नाही. समजा, २४ टनांची वस्तू १२ मीटर अंतरावरील दोन बिंदूंवर उचलली आणि तिचा गुरुत्वमध्य डाव्या बिंदूपासून ५ मीटरवर आहे. अशा वेळी डाव्या हॉइस्टवर १४ टन, तर उजव्यावर १० टन भार येतो. १२ टन क्षमतेचे दोन हॉइस्ट बेरजेने पुरेसे दिसले, तरी येथे डाव्या हॉइस्टवर क्षमतेपेक्षा २ टन अधिक भार पडतो.

चार बिंदूंवर उचलताना अडचण वाढते. चौरंगाचा एक पाय आखूड असला की तो डुगडुगतो आणि वजन कर्णावरील दोन पायांवरच राहते. ताठ वस्तूच्या बाबतीत हेच घडते. गुरुत्वमध्य मधोमध असलेली ४० टनांची वस्तू चार दोरांवर प्रत्येकी १० टन भार देईल, अशी अपेक्षा असते; परंतु एक दोर सैल पडला तर त्याच्या समोरचाही सैल पडतो आणि उरलेल्या दोघांवर प्रत्येकी २० टन येऊ शकतात.

गतीतील किरकोळ फरकही साचत जातो. एक हॉइस्ट मिनिटाला ४ मीटर आणि दुसरा ३.८ मीटर गतीने चालत असेल, तर पहिला ५ मीटर वर जाईपर्यंत दुसरा २५ सेंटिमीटर मागे राहतो.

इतिहास

अनेक उचलयंत्रांना एका इशाऱ्यावर चालवण्याची गरज जुनी आहे. १५८६ मध्ये दोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाने व्हॅटिकनमधील तीनशेहून अधिक टनांचा इजिप्शियन पाषाणस्तंभ हलवला. त्यासाठी सुमारे ९०० माणसे, घोडे आणि चाळीसच्या आसपास रहाट कामाला लावले होते. तुतारी वाजली की ओढायचे आणि घंटा वाजली की थांबायचे, असा संकेत ठरलेला होता. भारतीय रेल्वेत उचलकाम करणारे खलाशी शिट्टी आणि हाताच्या खुणा यांवर काम करत आले आहेत. बिनतारी यंत्रणेने हाच संकेत विद्युत स्वरूपात आणला.

रचना व कार्य

प्रत्येक हॉइस्टवर एन्कोडर बसवलेला असतो. तो ड्रमचे फेरे मोजून आकड्याची उंची सांगतो. लोड सेल त्या आकड्यावरील भार मोजतो. मुख्य नियंत्रक या नोंदींची सतत तुलना करतो आणि पुढे गेलेल्या हॉइस्टची गती ड्राइव्हमार्फत कमी करतो. उंचीतील किंवा भारातील फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास सर्व हॉइस्ट थांबतात. वीज गेल्यास स्प्रिंगच्या दाबाने ब्रेक आपोआप लागतो.

बिनतारी दुवा

लांब केबल लोंबकळत नसल्याने चालकाला भार स्पष्ट दिसेल अशा सुरक्षित जागी उभे राहता येते. मात्र एकेरी संदेश पुरेसा नसतो. एका रिमोटने दोन हॉइस्ट एकदम सुरू करता येतात. पण त्यांतील एक बंद पडल्याचे दुसऱ्याला कळत नसेल, तर तो चालतच राहतो आणि भार कलतो. म्हणून संदेशवहन दुहेरी असावे लागते.

२.४ गिगाहर्ट्झची पट्टी वायफाय व ब्लूटूथही वापरतात, तसेच लोखंडी सांगाड्यावरून लहरी परावर्तित होतात. त्यामुळे संदेश हरवू शकतो, हे गृहीत धरूनच यंत्रणा आखली जाते. प्रत्येक संचाला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. ठरावीक अल्पकाळात ग्राह्य संदेश न मिळाल्यास मुख्य वीजपुरवठा तोडला जातो. संपर्क तुटणे म्हणजेच थांबण्याचा आदेश, हे या रचनेचे मूलतत्त्व आहे.

नागपुरातील संदर्भ

मध्य रेल्वेच्या अजनी येथील विद्युत इंजिन शेडमध्ये डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ या वर्गांची इंजिने आहेत. प्रत्येक इंजिनाचे वजन सुमारे १२३ टन किंवा त्याहून अधिक असते. अशा इंजिनांच्या बोगींची मोठी दुरुस्ती करण्यासाठी वरचा सांगाडा उचलून वेगळा करावा लागतो. रेल्वेच्या शेडमध्ये हे काम दोन क्रेन जोडीने वापरून किंवा एकत्र चालणाऱ्या चार विद्युत जॅकांनी केले जाते. जॅक भार खालून पेलतात. समन्वयाचे तत्त्व मात्र तेच राहते.

नागपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि पत्र्याच्या छताखाली, क्रेनच्या उंचीवर, त्याहूनही वाढते. अनेक ड्राइव्हची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंतच गृहीत धरलेली असते. उष्णतेने एक ड्राइव्ह बंद पडला, तर संपूर्ण संच थांबणे आवश्यक ठरते.

सुरक्षा

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने उचलयंत्रांवर सुरक्षित भार ठळकपणे लिहिणे, त्याहून अधिक वजन न उचलणे आणि किमान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करून घेणे बंधनकारक केले. समन्वित उचलीत याखेरीज पुढील दक्षता घेतली जाते :

• गुरुत्वमध्य आधी निश्चित करणे.
• विषम विभागणी गृहीत धरून अधिक क्षमतेचे हॉइस्ट निवडणे.
• भार काही सेंटिमीटर उचलून थांबवणे आणि ब्रेक व दोर तपासणे.
• आदेश देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवणे. थांबण्याचा इशारा मात्र कोणीही दिला तरी पाळणे.
• लटकत्या भाराखाली कोणालाही उभे राहू न देणे.